सीजे-३बी जीपच्या मागच्या पाट्यांचे काय करावे?

डोंगरवाट (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

आमच्या घरी १९६४ सालची महिंद्राची सीजे-३बी जीप आहे. आजोबांनी ती १९७८ मध्ये एका लिलावात घेतली, ऊस आणि खताची पोती वाहण्यासाठी बरीच वर्षे वापरली आणि पुढे ती गोठ्याशेजारच्या पडवीत उभी राहिली. गेल्या दोन वर्षांत काका आणि मी मिळून तिचे मूळचे हरिकेन पेट्रोल इंजिन, ब्रेक आणि वायरिंग नीट करून घेतले. आता ती घाट चढते, नाला ओलांडते, चिखलातूनही निघते. महिन्यातून एकदा वेल्हे, भोर किंवा ताम्हिणीच्या बाजूच्या कच्च्या वाटांवर आम्ही तिला नेतो.

अडचण मागच्या पाट्यांची आहे, म्हणजे एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगांची. गाडी रिकामी असताना मागची बाजू बैलगाडीसारखी आदळते, आणि मागे बसलेल्या माणसाला अर्ध्या तासातच उतरावेसे वाटते. खडकाळ चढावर एक मागचे चाक हवेत राहून जागच्या जागी फिरते आणि दुसरे दगडावर तसेच थांबते. शिवाय गाडी उजवीकडे किंचित कलते.

तीन ठिकाणी विचारले आणि तीन वेगळी उत्तरे मिळाली. पहिल्या कारागिराचे म्हणणे असे की आहेत तेच पाटे काढून त्यांना पुन्हा कमान द्यावी आणि सांध्यांतले बुश बदलावेत. दुसऱ्याने नंतरच्या मोठ्या जीपचे लांब पाटे चासीवर नवे हँगर (पाटे अडकवण्याचे कंस) वेल्ड करून बसवायला सांगितले. तिसऱ्याने पाटे पूर्ण काढून कॉइल स्प्रिंग आणि लिंक (चाकांचा आस धरणारे दांडे) बसवण्याचा सल्ला दिला व खर्चाचा जो आकडा सांगितला, तो ऐकून काका दोन दिवस माझ्याशी या विषयावर बोलले नाहीत.

गाडी आजोबांची आहे, म्हणून ती जपायची आहे. पण ती प्रदर्शनात उभी करण्यासाठी नाही, वाटेवर चालवण्यासाठी जपायची आहे. अशा गाडीची मागची बाजू सुधारायची तर कुठून सुरुवात करावी?

कृष्णाकाठ

डोंगरवाट, तुमचा प्रश्न वाचून आनंद झाला. १९८९ ते २००६ या काळात मी कराड-पाटण भागात जीपांचीच कामे केली, त्यातल्या निम्म्याहून अधिक वडापच्या, म्हणजे माणसे भरून भाड्याने चालणाऱ्या होत्या. त्या अनुभवावरून एकच विनंती करतो. काय बसवायचे हे ठरवण्याआधी सध्या खाली काय बसले आहे, ते मोजून पाहा.

गाडी सपाट फरशीवर रिकामी उभी करा. दोन्ही मागच्या चाकांच्या मध्यापासून सरळ वर चासीपर्यंतचे अंतर मोजून लिहून ठेवा. मग शॉकअब (शॉक ॲब्सॉर्बर) काढा, चासीखाली जॅक लावा, चाक जमिनीवरून नुकते सुटेल इतकीच गाडी उचला आणि तेच अंतर पुन्हा मोजा. दोन मापांतला फरक म्हणजे रिकाम्या गाडीच्या वजनाने पाटा किती दबतो त्याचा अंदाज. त्यानंतर प्रत्येक बाजूचे पाटे मोजा आणि प्रत्येकाची जाडी पाहा. ज्याची रुंदी, टोकाची कापणी किंवा गंज इतरांपेक्षा वेगळा दिसेल, तो नंतर कोणीतरी घातलेला असतो.

ऊस आणि खत वाहिलेल्या गाडीत मूळचेच पाटे शिल्लक असतील, असे मला वाटत नाही. वडापच्या जीपांत आम्हीच एकेक पाटा वाढवत असू. बारा-चौदा माणसे बसत, गाडी खाली टेकत असे, आणि मालक सांगत, ‘अजून एक पाटा घाला.’ त्या गाड्या पुढे हौशी मंडळींनी घेतल्या. माणसे उतरली, पाटे मात्र तसेच राहिले, आणि मग जीप म्हटली की ती आदळणारच असा समज झाला.

घाटमाथा

कृष्णाकाठ काकांच्या अनुभवाबद्दल पूर्ण आदर ठेवून वेगळे मत मांडतो. पाट्यांची मर्यादा पाट्यांतच आहे. एकाच पोलादी पट्टीने वजन पेलायचे, ॲक्सल (दोन चाकांमधला आडवा आस) जागेवर धरायचा, ब्रेकचा आणि इंजिनाचा पीळही सोसायचा, अशी तीन कामे तिच्यावर टाकली की एकही पूर्णपणे नीट होत नाही. कॉइलला फक्त वजन पेलायचे असते आणि ॲक्सल धरण्याचे काम लिंक करतात, त्यामुळे कॉइल हवी तितकी मऊ ठेवता येते.

ज्यांना हे शब्दांत पटत नसेल त्यांनी २०१० ची थार आणि २०२० ची थार एकाच वाटेवर एकामागोमाग चालवून पाहावी. पहिल्या गाडीला मागे पाटे आहेत, दुसरीला मागे अखंड ॲक्सलच आहे, पण तो कॉइल आणि लिंकवर आहे. खडकातून जाताना दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक जाणवतो. मी स्वतः दोन्ही चालवल्या आहेत. वाटेवर चालवण्यासाठीच गाडी ठेवायची असेल, तर एकदाच खर्च करा आणि नीट करा.

यंत्रवेल्हाळ

दोघांचेही म्हणणे आपापल्या जागी बरोबर आहे, पण निर्णयाआधी आकडे पाहिले तर वाद निम्मा होईल.

पाट्याचा ताठरपणा त्याच्या जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो आणि लांबीच्या घनाच्या प्रमाणात कमी होतो. रुंदी आणि पाट्यांची संख्या यांचा परिणाम मात्र सरळ प्रमाणात असतो. म्हणजे लांबी सारखी धरली, तर ८ मिलिमीटरचा एक पाटा ताठरपणात ६ मिलिमीटरच्या जवळजवळ २.४ पाट्यांइतका असतो. कोणी ‘एकच जाड पाटा घातला आहे’ म्हणाला, तरी गाडीच्या दृष्टीने त्याने दोनपेक्षा जास्त घातलेले असतात. उलट सीजे-३बीचा मागचा पाटा सुमारे ४२ इंच लांब आहे. बाकी सगळे तसेच ठेवून तो ४६ इंच केला, तर तो साधारण २४ टक्क्यांनी मऊ होतो. दुसऱ्या कारागिराने लांब पाटे सुचवले त्यामागे हे खरे कारण आहे, त्यामुळे तो सल्ला हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

आता दबण्याविषयी. वजनाने पाटा ४५ मिलिमीटर दबत असेल, तर गाडी सेकंदाला सुमारे २.३५ वेळा वरखाली होते. १०० मिलिमीटर दबत असेल, तर हा आकडा १.६ च्या जवळ येतो. माणसाच्या पाठीला पहिली गती धक्क्यासारखी जाणवते आणि दुसरी झोक्याच्या जवळ जाते. कृष्णाकाठ काकांनी सांगितलेले माप म्हणूनच महत्त्वाचे आहे. त्या एका मापावरून तुमची गाडी कुठे उभी आहे ते कळेल.

एक सावधगिरी मात्र हवी. हे गणित पाटे एकमेकांवर मोकळे सरकतात असे गृहीत धरते. गंजाने ते एकमेकांना चिकटले असतील, तर लहान धक्क्याला सगळी चळत मिळून एका जाड ठोकळ्यासारखी वागते आणि सूत्रातला आकडा कागदावरच राहतो.

काळी_माती

डोंगरवाट, मागच्या शॅकलचे (पाट्याचे टोक चासीला जोडणाऱ्या झुलत्या कडीचे) आणि पाट्यांच्या टोकांचे फोटो जरूर टाका. माझ्या १९७२ च्या जीपलाही हेच दुखणे आहे, त्यामुळे धागा वाचत राहीन.

सातारी_जीप

मी केलेली चूक इथे लिहून ठेवतो, कारण ती दुसऱ्या कोणी करू नये असे मला मनापासून वाटते.

माझ्याकडेही सीजे-३बी होती. तिचे पाटे मूळच्याप्रमाणे ॲक्सलखाली होते. एका गॅरेजने ते ॲक्सलवर चढवून दिले. गाडी जवळजवळ पाच इंच उंच झाली, पाटे सपाट घेतल्यामुळे मऊही झाली, आणि पहिले दोन महिने मी सगळ्यांना अभिमानाने दाखवत फिरलो.

तिसऱ्या महिन्यात खडकाळ चढावर पहिल्या गिअरमध्ये, लो रेंजमध्ये (जोर वाढवणाऱ्या जादा गिअरमध्ये) क्लच सोडला आणि मागून मोठा आवाज आला. या जीपमध्ये पहिला गिअर, लो रेंज आणि ५.३८ चे डिफरन्शियल (ॲक्सलच्या मधला गिअरांचा गोळा) मिळून इंजिनाचा जोर चाकापर्यंत सुमारे ३७ पट होतो. चाक दगडात अडकले की तो सगळा जोर ॲक्सललाच उलटा फिरवू पाहतो. माझे मऊ पाटे इंग्रजी एस अक्षरासारखे वळले, डिफरन्शियलचे तोंड वर गेले, त्याला फिरवणाऱ्या प्रॉपेलर शाफ्टच्या क्रॉसला (सांध्याला) तो कोन सोसला नाही आणि तो फुटला. या गाडीचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधले अंतर, ८० इंचांचा, त्यात मागचा शाफ्ट अगदी आखूड. त्यामुळे वर चढवलेल्या ॲक्सलशी त्याचा कोन आधीच तीव्र झाला होता, हे मला कोणी सांगितले नव्हते.

खरा धोका त्यानंतर लक्षात आला. सवयीने हँडब्रेक ओढला आणि गाडी मागे सरकू लागली. जुन्या जीपचा हँडब्रेक चाकांवर नसतो, तो गिअरबॉक्सला जोडलेल्या ट्रान्सफर केसच्या मागच्या बाजूला, शाफ्टच्या मुळाशी असतो. शाफ्ट तुटला की हँडब्रेक आणि मागची चाके यांचा संबंधच संपतो. पायाचा ब्रेक चांगला होता आणि मुलाने धावत जाऊन चाकामागे दगड लावला, म्हणून आज हे लिहितो आहे. मागच्या बाजूला काहीही बदल करणाऱ्याने ही गोष्ट आधी ध्यानात घ्यावी.

मुक्काम_पोस्ट_भोर

सातारी दादा, वाचूनच अंगावर काटा आला. माझी जीप मी नुकतीच घेतली आहे, म्हणून एक साधा प्रश्न विचारते. मागची उंची वाढवली तर डिफरन्शियलचा गोळा दगडांपासून वाचतो ना?

यंत्रवेल्हाळ

ताई, तो वाचत नाही, आणि हा गैरसमज फार पसरलेला आहे. अखंड ॲक्सलच्या गाडीत डिफरन्शियल चाकांच्या ओळीतच असते. पाटे कितीही उंच केले तरी चासी वर जाते, गोळा होता तिथेच राहतो. त्याची उंची फक्त मोठ्या टायरने वाढते.

उंचीची किंमत मात्र मोजावी लागते. या जीपच्या डाव्या-उजव्या चाकांमधले अंतर ४८ इंचांच्या थोडेच वर आहे, म्हणजे सुमारे १२२५ मिलिमीटर. समजा, गुरुत्वमध्य जमिनीपासून ६५० मिलिमीटरवर आहे. तर कागदावर ती सुमारे ४३ अंशांच्या आडव्या उतारापर्यंत उभी राहील. तोच मध्य १०० मिलिमीटर वर नेला की हा कोन ३९ अंशांवर येतो. प्रत्यक्षात पाटे आणि टायर दबतात, गाडी हलत असते, त्यामुळे दोन्ही आकडे याहून बरेच कमी धरायला हवेत. इतक्या अरुंद गाडीत चार अंश घालवणे मला तरी परवडणार नाही.

जुने_ते_जपू

आतापर्यंत कायद्याचा विषय निघाला नाही, तो काढतो. डोंगरवाट यांची गाडी १९६४ ची, म्हणजे पन्नास वर्षांवरची आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत व्हिंटेज गाड्यांसाठी स्वतंत्र तरतूद झाली. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेली, मूळ स्वरूपात जपलेली आणि चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल न केलेली गाडी त्यात बसते. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये आहे, नोंदणी दहा वर्षांसाठी मिळते आणि क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. चासीवर नवे हँगर वेल्ड केले किंवा कॉइलचे बुरूज बसवले, तर ‘चासीत बदल नाही’ हे कोणत्या तोंडाने सांगणार?

व्हिंटेज नोंदणी नको असली, तरी मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आहेच. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येणार नाही. झिजलेला भाग तशाच भागाने बदलणे ही दुरुस्ती झाली. चासी कापून दुसरी रचना उभी करणे हा बदल झाला. उद्या अपघात झाला आणि विमा कंपनीच्या तपासनिसाने गाडीखाली वाकून पाहिले, तर हा फरक फार महाग पडतो.

घाटमाथा

मान्य आहे, पण अर्धेच सांगितलेत. व्हिंटेज नोंदणीची गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, व्हिंटेज रॅली, तेल भरणे आणि देखभाल, इतक्याच कामांसाठी ती बाहेर निघू शकते. डोंगरवाट यांना दर महिन्याला वेल्ह्याला जायचे आहे. त्यांनी व्हिंटेज नोंदणी घेतली, तर आजोबांची जीप पुन्हा पडवीतच उभी राहील.

जुने_ते_जपू

हा मुद्दा रास्त आहे आणि तो मी आधीच लिहायला हवा होता. त्यांच्यासाठी साधी नोंदणी दर पाच वर्षांनी नूतनीकरण करत राहणे हाच मार्ग योग्य दिसतो. तरीही माझा आग्रह एका गोष्टीसाठी राहील. जे काही कराल ते पान्याने नट-बोल्ट सोडून उलट करता येईल असे करा. वेल्डिंगची ठिणगी त्या चासीवर एकदा पडली की पुढच्या पिढीला मूळ गाडी परत मिळत नाही. दहा वर्षांनी तुमचा विचार बदलला, तर व्हिंटेज नोंदणीचे दार उघडे असावे.

ब्रिस्टलकर

मी गेली अकरा वर्षे इंग्लंडमध्ये राहतो आणि माझ्याकडे सीरीज थ्री लँड रोव्हर आहे. ती तुमच्या जीपची लांबची नातेवाईक म्हणावी लागेल. पहिली लँड रोव्हर १९४८ ला निघाली, तीही ८० इंचांच्या व्हीलबेसची, आणि ती बनवणाऱ्यांनी विलीज जीप समोर ठेवली होती.

पाटे की कॉइल, हा वाद इथेही आहे. १९७० च्या रेंज रोव्हरला चारही बाजूंना कॉइल आल्या, १९८३ पासून लँड रोव्हरच्या कामाच्या गाड्यांनाही त्या मिळाल्या, आणि खडबडीत वाटेवर कॉइलच सरस ठरतात हे इथे कोणी नाकारत नाही. पण त्या गाड्यांची चासीच कॉइलसाठी आखलेली होती. जुन्या सीरीज गाड्यांसाठी इथले लोक बहुधा पॅराबोलिक पाटे घेतात. त्यात दहा-अकरा पाट्यांऐवजी दोन किंवा तीनच असतात. प्रत्येक पाटा मध्ये जाड आणि टोकांकडे निमुळता होत जातो, आणि ते एकमेकांना फक्त मध्यभागी व टोकांना टेकतात. मधले घर्षण जवळजवळ संपते. मूळच्या जागी, मूळच्या बोल्टांवर बसतात, वेल्डिंग लागत नाही.

मी ते बसवले तेव्हा एक धडा मिळाला. जुन्या पाट्यांतले घर्षण हेच काही प्रमाणात शॉकअबचे काम करत होते. ते गेल्यावर माझे थकलेले शॉकअब उघडे पडले आणि गाडी बोटीसारखी डोलू लागली. नवे शॉकअब बसवल्यावरच ती सुधारली.

तांबडी_माती

मी सिंधुदुर्गात राहते. आमच्याकडची जीप माझ्या वडिलांची, आणि तिची ग्रीस गन मी दहावीत असताना त्यांनी माझ्या हातात दिली ती आजवर माझ्याकडेच आहे. समुद्राची हवा आणि जांभ्या दगडाची ओली माती या दोन्हींत पाट्यांचे काय होते ते मी दर पावसाळ्यानंतर पाहते, म्हणून दोन गोष्टी सांगते.

पहिली गोष्ट शॅकलची. पाटा दबला की तो लांब होतो, आणि त्या वाढलेल्या लांबीला जागा देण्यासाठी मागचा शॅकल झुलतो. शॅकल गंजून अडकला की पाट्याला लांब व्हायला जागाच मिळत नाही, आणि नवा कोरा पाटाही दगडासारखा वागतो. आमची जीप एकदा अशीच आदळायला लागली. बाबांनी पाट्यांना हातही लावला नाही. दोन शॅकल मोकळे केले, ग्रीस भरले, आणि गाडी बदलली.

दुसरी गोष्ट ते शॅकल उघडताना उपयोगी पडेल. जुन्या यू-आकाराच्या शॅकलला आट्यांचे बुश असतात आणि त्यांतले काही डाव्या आट्यांचे, म्हणजे उलट्या दिशेने फिरवल्यावर सुटणारे असतात. षटकोनी डोक्याभोवती गोल खाच असेल तर तो डावा समजायचा. हे ठाऊक नसताना लांब पाइप लावून जोर केला की तो सुटण्याऐवजी आवळला जातो आणि शेवटी मोडतो. आधी दोन दिवस गंज सोडवणारे तेल सोडत राहा, डोके पुसून खाच पाहा, मगच पाना लावा.

डोंगरवाट (धागाकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. रविवारी काका आणि मी पूर्ण दिवस गाडीखाली घालवला. मापे अशी निघाली.

रिकाम्या गाडीत डावा पाटा ४४ मिलिमीटर दबतो आणि उजवा फक्त ३६. डाव्या बाजूला १० पाटे आहेत, उजव्या बाजूला ११. दोन्हीकडे सर्वांत खाली ८ मिलिमीटरचे जाड पाटे आहेत, डावीकडे एक आणि उजवीकडे दोन. त्यांची टोके सरळ कापलेली आहेत, बाकीच्यांची तिरपी आहेत. काकांना आठवले की एका गळीत हंगामात उजवीकडचा पाटा तुटला होता आणि आजोबांनी गावच्या लोहाराकडून काम करून घेतले होते. तरीही गाडी उजवीकडे कलते. शिवाय उजवीकडच्या मुख्य पाट्याला पुढच्या डोळ्याजवळ (टोकाच्या गोल वळणाजवळ) केसासारखी बारीक भेग सापडली.

मागचे दोन्ही शॅकल हलत नाहीत. तांबडी_माती ताईंनी सांगितलेली खाच उजव्या शॅकलच्या खालच्या बुशवर सापडली. ती वाचली नसती, तर आम्ही तो नक्कीच मोडला असता. शॉकअबपैकी एकात तेलाचा थेंबही उरलेला नाही.

कृष्णाकाठ काका, आता पुढे काय करू?

कृष्णाकाठ

भेग सापडली ते फार बरे झाले. मुख्य पाटा डोळ्यापाशी तुटला तर ॲक्सलची ती बाजू मागे सरकते आणि गाडी रस्ता सोडते. तो दुरुस्तही करू नका आणि वेल्डही करू नका, दोन्ही बाजूंचे मुख्य पाटे नवेच घ्या.

आता क्रम सांगतो. दोन्ही चळती काढा, पण सेंटर बोल्ट सोडण्याआधी चळत शिकंज्यात घट्ट धरा, कारण तो सुटताच पाटे उसळतात. जाड पाटे बाजूला ठेवा. उरलेल्यांचा गंज तारेच्या ब्रशने पूर्ण उतरवा आणि प्रत्येकाची टोके तपासा. वर्षानुवर्षे घासून खालच्या पाट्यात खड्डा पडलेला असतो आणि वरच्याचे टोक त्यात अडकते. त्या खड्ड्याच्या कडा घासून सपाट करा. मग कमान द्यायला द्या, पण कारागीर नीट निवडा. गॅसच्या ज्योतीने जागोजागी लाल करून ठोकणारा असेल, तर पाटे परत घेऊन या. तसा पाटा दोन महिन्यांत पुन्हा बसतो किंवा त्याच जागी तुटतो. पूर्ण पाटा भट्टीत सारखा तापवून, साच्यात वाकवून, तेलात बुडवून आणि त्यानंतर पुन्हा तापवून ताव उतरवणारा कारागीर हवा. त्या कामालाच आमच्याकडे पाणी देणे म्हणतात. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात चौकशी केलीत तर अशी माणसे भेटतील.

जोडताना पाट्यांच्या मध्ये ग्राफाइट ग्रीसचा पातळ हात फिरवा. यू-बोल्ट नवेच घ्या, जुने एकदा ताणले गेलेले असतात. गाडी चाकांवर उभी राहिल्यावर ते समान आवळा आणि पाचशे किलोमीटरनंतर पुन्हा आवळा. शॅकलची लांबी मूळचीच ठेवा. लांब शॅकलने वाढलेल्या लांबीच्या निम्मीच उंची मिळते, पण डिफरन्शियलचे तोंड वर फिरते आणि सातारी यांनी सांगितलेली कथा तिथूनच सुरू होते.

शॉकअब सर्वांत शेवटी घ्या. आधी चाक पूर्ण वर आणि पूर्ण खाली नेऊन दोन्ही मापे घ्या. रबरी बंप स्टॉप टेकण्याआधी शॉकअब तळाला लागता कामा नये, आणि चाक खाली लोंबले असताना त्याने ॲक्सलचे वजन पेलता कामा नये. त्याच वेळी ब्रेकचा रबरी पाइप ताणतो का आणि शाफ्टचा सरकता जोड किती बाहेर येतो, तेही पाहून घ्या.

घाटमाथा

मापे पाहिल्यावर माझे मत बदलतो. दोन बाजूंना वेगवेगळे पाटे, अडकलेले शॅकल आणि रिकामा शॉकअब अशा गाडीवरून पाट्यांची परीक्षा करता येणार नाही. आधी कृष्णाकाठ काकांनी सांगितले तसे करा. कॉइलबद्दलचे माझे मत कायम आहे, पण ते नव्या बांधणीच्या गाडीसाठी.

डोंगरवाट (धागाकर्ता)

अडीच महिन्यांनी लिहितो आहे, उशिराबद्दल क्षमस्व. शॅकल मोकळे करण्यातच पहिले तीन आठवडे गेले. मुख्य पाटे नवे केले, बाकीच्यांना कोल्हापुरात पाणी देऊन कमान घालून घेतली, तिन्ही जाड पाटे तेल लावून पडवीत ठेवले, कारण आजोबांची खूण म्हणून काकांना ते मोडीत द्यायचे नव्हते. आता दोन्ही बाजूंना नऊ-नऊ पाटे आहेत. बुश, यू-बोल्ट आणि शॉकअब नवे आहेत. चासीवर वेल्डिंगचा एकही टाका नाही.

मापे पुन्हा घेतली. डावा पाटा ७८ मिलिमीटर दबतो, उजवा ७६. यंत्रवेल्हाळ यांच्या हिशोबाने गाडी सेकंदाला सुमारे २.५ ऐवजी साधारण १.८ वेळा हलते. उंची सुमारे पाऊण इंच वाढली, ती बसलेली कमान परत आल्यामुळे. गाडीचा कल गेला.

गेल्या रविवारी तीच वेल्ह्याची वाट धरली. ज्या दगडावर डावे चाक हवेत राहायचे, तिथे काका खाली उतरून पाहत उभे राहिले. चाक खाली उतरले, दगडाला टेकले आणि गाडी वर निघाली. दुसऱ्या एका ठिकाणी मात्र चाक अजूनही सुटते, तिथे खड्डा खोल आहे आणि पाट्यांची धाव तिथे संपते. तेवढ्यासाठी मी चासी कापणार नाही. आई पहिल्यांदाच मागच्या बाकावर बसून पानशेतपर्यंत आली आणि परतही मागेच बसली.

आता मागची बाजू मऊ झाल्यावर पुढची किती ताठ आहे ते जाणवते आहे. पुढच्या शॅकलवरही खाचा शोधायला सुरुवात केली आहे. पुढच्या डाव्या शॅकलला खाली डावे आटे दिसतात, बाकीचे उजवे वाटतात. तांबडी_माती ताई, तुमच्या गाडीतही असेच आहे का?

तांबडी_माती

हो, आमच्याही गाडीत पुढे डावीकडे खालचाच बुश डाव्या आट्यांचा आहे. मागे उजवीकडे तुम्हाला सापडला तसाच आमच्याकडेही आहे. तेल आजच सोडा आणि शनिवारपर्यंत पान्याला हात लावू नका.